न मिळाल्याचा फ्लेक्स

अष्टेकर सर एस.टी.तून उतरले, तेव्हा मी भर चौकात शिडीवर चढून माझ्याच थोबाडाला खळ फासत होते.

थोबाड म्हणजे फ्लेक्सवरचं. दहा फूट बाय आठ फुटांचा फ्लेक्स आणि त्यात माझा चेहरा परातीएवढा. एका हातात खळीचं डबडं, काखेत कालचा पेपर. खरं तर मला चेहरा झाकायचाच नव्हता. झाकायची होती ती त्याच्या वरची ओळ: 'आपल्या पिंपरणीची सुकन्या कु. उज्ज्वला देठे हिला दिल्लीची संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' पण वायरमनकाकांची शिडी त्या ओळीपर्यंत पोचतच नव्हती. ती माझ्या नाकापर्यंत पोचत होती. म्हटलं, निदान नाक तरी झाकू. माणूस घाबरला की त्याला असलंच काहीतरी सुचतं.

"अहो ताई," खालून आवाज आला. "कु. उज्ज्वला देठे कुठं राहतात, सांगाल का?"

खाली बघितलं. पांढरा सदरा, काखेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी, पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ. मे महिन्याच्या उन्हात छत्री मिटूनच धरलेली.

"आपण कोण?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

"मी अष्टेकर. सोलापूरहून आलोय."

माझ्या हातातलं डबडं निसटलं ते थेट शिडीच्या पायरीवर, आणि तिथून खळ त्यांच्या चपलेवर. त्यांनी चपलेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मागच्या परातीएवढ्या माझ्याकडे.

"ह्या त्याच का?" त्यांनी छत्रीनं फ्लेक्स दाखवला.

"दिसायला तशाच आहेत," मी म्हणाले.

"खाली या," ते म्हणाले. "घरी जाऊन बोलू."

आता हा सगळा घोळ कसा झाला ते सांगते. गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि मला पीएच.डी. करायची होती ती गोगलगाईंवर. हसू नका, तेव्हा गावात पुष्कळ हसून झालंय. विद्यापीठातल्या फडतरे मॅडम मार्गदर्शन करायला तयार होत्या. पण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "विषय झकास आहे, जागाही आहे. पैसे मात्र नाहीत. तीस जूनपर्यंत कुठली तरी शिष्यवृत्ती घेऊन ये. नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, मग माझ्यावर रुसू नकोस." बाबा मी अकरावीत असतानाच गेले होते, आणि आईच्या अंगणवाडीच्या मानधनात दोघींचं कसंबसं भागायचं. जागा गेली असती तर मी जवळच्या शाळेत कंत्राटी मास्तरीण होऊन गोगलगाईंना राम राम ठोकला असता.

मग मी एक वही केली. तीत राज्यातले आणि देशातले, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पैसे देणारे तेवीस ट्रस्ट, निधी, फंड आणि न्यास उतरवून काढले. दानशूर माणसं किती चमत्कारिक अटी घालतात, हे मला त्या वहीनं शिकवलं. एकाला अर्जदार कऱ्हा नदीच्या उत्तरेलाच जन्मलेला लागायचा. एकाला फक्त ऊस या विषयावरच संशोधन हवं होतं. एकाला 'अर्जदार सुपारीसुद्धा खात नाही' असं दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या सहीनं हवं होतं, आणि आमच्या गावातले दोन्ही प्रतिष्ठित नागरिक तंबाखू खायचे. दिल्लीच्या सरकारी शिष्यवृत्तीलाही अर्ज टाकला होता, पण तिला देशभरातून हजारोंनी अर्ज.

तेविसांतली एकच मला बसत होती. 'कै. द्वारकाबाई अष्टेकर विज्ञानवृत्ती, सोलापूर.' अटी दोनच. एक, न्यासाचे प्रतिनिधी न कळवता अर्जदाराच्या घरी येऊन पाहणी करतील. दोन, अर्जदाराला दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती मिळालेली नसावी. प्रतिनिधी म्हणजे द्वारकाबाईंचे चिरंजीव अष्टेकर सर, रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. ते स्वतः एस.टी.नं गावोगाव फिरायचे, आणि खोटं बोलणाऱ्याचा अर्ज तिथल्या तिथं फाडायचे म्हणे.

आणि इथं आला माझा मामा.

गुलाबमामाचं चौकात फ्लेक्सचं दुकान होतं, 'गुलाब डिजिटल'. त्याचं एकच तत्त्व: आनंद झाला की तो टांगायचा. पाटलांच्या बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्यानं केला होता. अप्पा गुरवांचं अपेंडिक्स सुखरूप निघालं, त्याचाही केला होता, आणि त्यात खाली 'शुभेच्छुक' म्हणून डॉक्टरांचा फोटो. स्वतःच्या भाचीसाठी काही टांगायला मिळेना म्हणून तो चार वर्षं झुरत होता.

तर दिल्लीहून एक पाकीट आलं. वर सिंहाचा शिक्का, आत इंग्रजीत दोन ओळी: तुमचा अर्ज पोचला. बस्स. पण मी विद्यापीठात गेले होते आणि पाकीट मामाच्या हाती लागलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं आणि आईला म्हणाला, "आक्के, पोरीनं काम केलं. सरकार न्हाई म्हनायला पोस्टाचं तिकीट वाया घालवतंय व्हय? चिठ्ठी आली म्हंजे दिली!"

आईलाही ते पटलं. खरं सांगायचं तर नंतर आईकडून ऐकताना मलाही क्षणभर पटलं होतं.

रातोरात फ्लेक्स छापला, चौकात तारेनं आवळून बांधला, आणि मामा सकाळच्या गाडीनं शाई आणायला अकलूजला गेला. मी गावात उतरले ती माझ्याच चेहऱ्यासमोर. खाली चौदा शुभेच्छुक, तेरा जण हात जोडून, मधोमध पंचायत समिती सदस्य पोपटराव काळा गॉगल घालून कानाला मोबाइल लावलेले. घरी धावत गेले, पाकिटातल्या दोन ओळी वाचल्या, गोगलगाईंच्या बरण्यांवर घाईघाईनं पाणी शिंपडलं, आणि शिडी मागायला पळाले.

तर अशी ही खळीची कथा. आता घरी चला.

सर आमच्या ओसरीवर बसले. पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, तीही नेमकी माझ्या बरण्यांच्या शेजारी. आईनं पाणी दिलं, चहा टाकला. त्यांनी खिशातून पेन आणि पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याची डायरी काढली.

"विषय सांगा."

"गोगलगाई, सर. ऊन वाढलं की त्या शंखात शिरतात आणि तोंडावर चिकट पडदा धरतात. तो वाळला की दार बंद. मग पाऊस पडेपर्यंत झोपतात. त्यांना आतून कळतं कसं, की आता उठायचं, हे मला शोधायचंय."

"म्हणजे झोपेवर संशोधन."

"हो सर."

"तीन वर्षं."

"जास्तही लागतील."

आई दारातून म्हणाली, "ती नाही हं झोपणार सर. गोगलगाई झोपणार. ती रात्रंदिवस बघत बसते."

सरांच्या ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. मला जरा धीर आला. मी म्हणाले, "सर, तो चौकातला बोर्ड..."

"वाचला मी."

"तो चुकून लागलाय. मला दिल्लीची शिष्यवृत्ती मिळालेली नाही. नुसती पोच आलीय."

ते काही बोलणार, एवढ्यात दारात गुलाबमामा. अकलूजची शाई एका हातात, पेढ्यांचा पुडा दुसऱ्या हातात.

"पाव्हनं हायेत व्हय! घ्या सायेब, तोंड गोड करा. दिल्लीची शिष्यवृत्ती मिळाली आमच्या उजीला!"

मी डोळे वटारले. मामा म्हणाला, "डोळ्यात काय गेलं गं तुझ्या?" मी मान हलवली. तो म्हणाला, "लाजतीया. सायेब, आता सरकारच पोसनार हिला. कुनापुढं हात पसरायची गरज न्हाई!"

पेढा सरांच्या हातात तसाच राहिला. त्यांनी तो बशीत ठेवला, डायरीत दोन ओळी लिहिल्या आणि डायरी पिशवीत टाकली.

"गोगलगाय अन् पोटात पाय," ते उठता उठता म्हणाले. "विषय छान निवडलाय तुम्ही."

"सर, खरंच नाही मिळालेली!"

"मग पुरावा द्या. दुसरी शिष्यवृत्ती मिळालेली नाही, याचा लेखी पुरावा. पुढच्या रविवारी आमची बैठक आहे. तोवर तुमचा अर्ज मी फाडत नाही. येतो."

ते गेले. जाताना पिशवी घेऊन गेले. मामानं माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, पेढ्याकडं बघितलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला.

"उजे," तो म्हणाला. "म्या काय केलं गं?"

मी सांगितलं. फार वाईट शब्दांत सांगितलं. तो ऐकून घेत राहिला, आणि त्याचं ते ऐकून घेणंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी तहसील कचेरीत गेले. दाखल्याच्या खिडकीतले भाऊसाहेब फार सज्जन. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "ताई, असल्याचा दाखला देतो. उत्पन्नाचा देतो, जातीचा देतो, जिवंत असल्याचासुद्धा देतो. पण नसल्याचा कसा देणार? जगात नसलेल्या गोष्टी लई आहेत. त्यांचे दाखले द्यायला बसलो तर ऑफिसला कुलूप लावावं लागेल."

दिल्लीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "रिझल्ट आएगा तब आएगा." विचारलं, तो अजून आलेला नाही असं लिहून द्याल का? त्यानं फोन ठेवला.

गुरुवारी घरी आले आणि आईपुढं बसून रडले. आईनं समजूत घातली नाही. नुसती शेजारी बसून शेंगा फोडत राहिली. मामा दुपारपासून दुकानाचं शटर आतून ओढून बसला होता.

शुक्रवारी सकाळी चौकात दुसरा फ्लेक्स.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं असावं आपल्याला. सभोवती काळी चौकट. मध्ये माझा तोच परातीएवढा फोटो. वर ठसठशीत अक्षरं: 'जाहीर खुलासा. आपल्या पिंपरणीची सुकन्या कु. उज्ज्वला देठे हिला दिल्लीची शिष्यवृत्ती अद्याप न मिळाल्याबद्दल तीव्र दुःख!' आणि खाली 'शोकाकुल' म्हणून तेच चौदा जण. हात जोडलेले, तोंडभर हसणारे. मामाकडं त्यांचे दुसरे फोटोच नव्हते.

"मामा!" मी किंचाळले.

"लेखी पुरावा मागितलाय न्हवं?" मामा म्हणाला. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते. "ह्याच्यापरीस मोठ्या अक्षरात लेखी कुठं मिळंल? आन् एकट्यानं न्हाई केलं. घरोघर जाऊन इचारलं चौदाजणांना. एकबी न्हाई म्हनला न्हाई. पोपटराव तेवढा अडून बसला हुता."

"का?"

"त्याला फोटू मोठा पायजे. म्हनं, दुःख मलाबी हाय, आन् ते बाकीच्यांपरीस मोठं हाय. पदाप्रमानं."

बघितलं तर खरंच, पोपटरावांचा फोटो बाकीच्यांच्या दीडपट होता.

मला हसावं की मामाचा गळा धरावा तेच कळेना. पण गाव मात्र हसलं नाही. गावानं ते दुःख मनावर घेतलं. दुपारपासून बायका आईला भेटायला यायला लागल्या. बसायच्या, उसासा टाकायच्या, "चालायचंच" म्हणायच्या. शेजारच्या आळीतनं पिठलं-भाकरी आली. चिमाबाईंनी तर विचारलं, "दहावं-बिहावं काय करायचं नसतंय न्हवं ह्यात?"

कहर केला सरूआत्यानं. ती मळ्यात राहायची, वाचता येत नव्हतं. बाजाराला आली आणि काळ्या चौकटीतला माझा फोटो बघितला. तिथनंच गळा काढला तो आमच्या दारापर्यंत. "उजे गं माझ्या बाई, कशी गं गेलीस!" मी दार उघडलं. सरूआत्या मटकन खालीच बसली.

"मेली न्हाईस व्हय?"

"नाही आत्या. शिष्यवृत्ती मिळाली नाही एवढंच."

"आत्ता गं बया! मग एवढं काय रडायचं त्यात?" सरूआत्या पदरानं तोंड पुसत उठली. तिची घोर फसवणूक झाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. पण जाताना परत फिरली आणि बाजारातनं घेतलेली शेरभर भुईमुगाची शेंग माझ्या ओटीत टाकून गेली.

रविवारी सकाळी मामानं तो फ्लेक्स सोडवला, गुंडाळला आणि खांद्यावर मारला. आम्ही सोलापूरची एस.टी. धरली. कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट पडेल. मामा म्हणाला, बारकं पोर हाय का ते? कंडक्टर म्हणाला, पोर असतं तर मांडीवर घेतलं असतंत. अखेर मामानं अर्धं तिकीट काढलं आणि फ्लेक्सला खिडकीची जागा दिली.

न्यासाची बैठक सरांच्या घरीच होती. समोर तीन खुर्च्या. मधे सर. एका बाजूला डॉ. इंगळेबाई, जन्मभर बाळंतपणं केलेल्या, आवाज दणदणीत. दुसऱ्या बाजूला हुल्लेअण्णा, चादरींचे व्यापारी, सगळ्यात म्हातारे.

"पुरावा आणलात?" सरांनी विचारलं.

"आनलाय की," म्हणून मामानं दोरी सोडली.

घर लहान, फ्लेक्स मोठा. तो उलगडत उलगडत सोप्यातून माजघरात गेला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जाऊन थटला. तिन्ही विश्वस्तांनी खुर्चीवर बसल्या बसल्या पाय वर घेतले. मग वाचायचं म्हणून इंगळेबाई उठल्या, चष्मा लावला, चपला काढल्या आणि फ्लेक्सवर चालू लागल्या. हुल्लेअण्णाही उठले, पण त्यांना पाऊल टाकायला जागाच सापडेना.

"आता माणसांच्या तोंडावर पाय कसा द्यायचा हो?" ते एका पायावर उभे राहून म्हणाले.

"मधनं या अण्णा, पोपटराव आणि ह्या मिशीवाल्याच्या मधनं जागा आहे," इंगळेबाईंनी वाट दाखवली. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं. 'तीव्र दुःख'पर्यंत गंभीर होत्या. 'शोकाकुल' आलं आणि खाली हसणारे चौदा चेहरे दिसले, तशा त्या भिंतीला धरून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. अण्णांनी तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या खांद्याला धरलं आणि तेही हसायला लागले.

सर हसले नाहीत.

"हा पुरावा कुठल्याही नियमात बसत नाही," ते म्हणाले.

मामा पुढं झाला. हात जोडले, पण फ्लेक्सवरच्यासारखे नाही, खरेखुरे. "सायेब, चूक माजी हाय. पोरीचा काय दोष न्हाई. आनंदाचा खोटा बोर्ड म्या लावला, कबूल. पर दुःखाचा खोटा कोन लावतंय? आन् त्यात पोपटराव फोटू देतंय व्हय? सख्खा सासरा गेला तवा दिला न्हवता त्यानं."

सर उठले, आत गेले आणि दोन्ही हातांनी जपून काहीतरी घेऊन आले. त्यांची काळी डायरी. आणि डायरीच्या कडेला, पानं जिथं उघडतात नेमकी तिथं, सुपारीएवढी एक गोगलगाय. पुठ्ठ्याला घट्ट चिकटलेली, तोंडावर पांढरट पडदा.

त्या दिवशी पाणी शिंपडून घाईत बरणीचं फडकं बांधायला विसरले होते. जागी झालेली एक बया फिरायला निघाली असणार आणि पिशवीत शिरली असणार.

"ही तुमची?"

"हो सर. चुकून आली. माफ करा."

"तुमच्याकडून आल्यावर दोन दिवस डायरीवर फिरली. तिसऱ्या दिवशी इथं बसली आणि दार लावून घेतलं." सर तिच्याकडं बघत होते, माझ्याकडं नाही. "डायरी उघडायची तर तिचं दार मोडावं लागेल. तुमच्याबद्दलचा शेरा आत आहे. तो मला आज वाचून दाखवायचा होता."

"मोडा की मग," अण्णा म्हणाले.

"कसं मोडू? झोपलीय ती." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. वर्गात फळ्यापासून वळून बघावं तसं. "किती दिवस झोपेल?"

"तेच शोधायला तर तुमच्याकडं पैसे मागतेय, सर."

हे मी शहाणपणानं नव्हते बोलले. खरंच दुसरं उत्तर नव्हतं माझ्याकडं. इंगळेबाईंनी टाळी वाजवली. सरांनी डायरी टेबलावर ठेवली, तीही पंख्याचा वारा लागणार नाही अशी.

"मिळाल्याचे बोर्ड मी गल्लीगल्लीत पाहिलेत," ते म्हणाले. "पण एका पोरीला काही मिळालं नाही म्हणून अख्ख्या चौकानं फोटो द्यावा, असं गाव बघितलं नाही. हिला आपण नाही म्हटलं तर ही माणसं आणखी एक बोर्ड लावतील आणि त्यावर आपली नावं असतील. त्यापेक्षा देऊन टाकू. दिल्लीची मिळाली तर कळवायचं, आमची बंद होईल. कळलं?"

मी नुसती मान हलवत राहिले आणि रडत राहिले. मामाही रडत होता.

"एक अट," सर मामाकडं वळले. "पीएच.डी. हातात पडेपर्यंत ह्या मुलीचा एकही फ्लेक्स लावायचा नाही."

मामाचं रडणं थांबलं. "किती दिस सायेब?"

"चार-पाच वर्षं."

उपवास धरणाऱ्या माणसानं समोरच्या जेवणाकडं बघावं तसं मामानं जमिनीवरच्या फ्लेक्सकडं बघितलं. मग गळ्याला हात लावून म्हणाला, "न्हाई लावनार."

दिल्लीचं पाकीट श्रावणात आलं. 'खेद वाटतो', वगैरे. मामा ते हातात घेऊन कितीतरी वेळ बसला होता. "उजे, सरकारनं न्हाई म्हनायला तिकीट लावलं गं!" त्याचा जगावरचा एक विश्वास त्या दिवशी उडाला. त्यानं ती चिठ्ठी लॅमिनेट करून दुकानात लावली. तो फ्लेक्स नव्हता, म्हणून अट मोडली नाही.

मग पाच वर्षं गेली. दर खेपेला गावी आले की मामा विचारायचा, "संपलं का?" मी म्हणायचे, "नाही." तो म्हणायचा, "बरं," आणि पाटलांच्या बैलाच्या वाढदिवसाला लागायचा.

शेवटची तोंडी परीक्षा झाली ती दुपारी एकला. मी घरी फोन केला, पाचच्या गाडीनं पिंपरणीला उतरले. चौकात फ्लेक्स होता. 'डॉ. उज्ज्वला देठे हिचे हार्दिक अभिनंदन!' त्यात माझा तोच जुना, एका वेणीचा फोटो. पोपटरावांनी दरम्यान दोन पक्ष बदलले होते, पण गॉगल तोच होता. चौदांतले अप्पा गुरव वारले होते. त्यांच्या फोटोला मामानं मार्करनं हार काढला होता.

"मामा, चार तासांत कसा छापलास?"

मामा चपलेच्या अंगठ्याकडं बघायला लागला. आईच म्हणाली, "चार तासांत कुठला? सोलापूरहून आला ना तुझा मामा, त्याच संध्याकाळी छापला त्यानं. पाच वर्षं माझ्या पलंगाखाली गुंडाळून आहे, तुझ्या जुन्या बरण्यांशेजारी. दर दिवाळीला मी त्यावरची धूळ झाडते."

कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख होती. खरंच, त्याच रविवारची. मी प्रयोगशाळेत पाऊलही टाकलं नव्हतं, तेव्हा मामानं मला डॉक्टर करून ठेवलं होतं. मी भर चौकात त्याच्या गळ्यात पडले.

तेवढ्यात सोलापूरची गाडी लागली. मी सकाळीच सरांना फोन करून परीक्षेचं सांगितलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. आता ऐंशी ओलांडलेले. छत्री तीच, पिशवी तीच. उतरले आणि सरळ फ्लेक्ससमोर येऊन उभे राहिले. मी वर बघितलं. चौदांच्या रांगेत एक पंधरावा शुभेच्छुक होता, न्यासाच्या माहितीपत्रकावरून कापून घेतलेला. खाली नाव: मा. अष्टेकर सर.

मामा माझ्या मागं लपला. "लावू नको म्हनले हुते," तो कुजबुजला. "छापू नको, असं न्हवते म्हनले."

सरांनी चष्मा पुसला. डावीकडून उजवीकडं बघितलं, परत उजवीकडून डावीकडं.

"गुलाबराव."

"जी सायेब."

"हा पोपटराव माझ्यापेक्षा मोठा कसा काय?"

मामा शिडी आणायला पळाला.